शिक्षकांकडे पिस्तूल असावं का? सोमवारी बोर्डापुढे बोलायचंय, मदत हवी

निळीशाई
नमस्कार मंडळी. दहा-बारा वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चूकभूल सांभाळून घ्या.

आम्ही अमेरिकेत ओहायोत राहतो, कोलंबसच्या उत्तरेला. लेक दुसरीत, मुलगा नववीत. गेल्या आठवड्यात शाळेकडून ईमेल आली. काही निवडक शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना शाळेत शस्त्र बाळगू द्यायचं का, यावर सोमवारी संध्याकाळी स्कूल बोर्डाची (इथल्या शाळा चालवणाऱ्या मंडळाची) जाहीर बैठक आहे. ज्याला बोलायचंय त्याला तीन मिनिटं. मी रागाच्या भरात नाव देऊन बसले. आता राग उतरलाय आणि काय बोलायचं ते सुचत नाहीये.

थोडी पार्श्वभूमी देते. इथल्या मॅडिसन स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (एका बोर्डाखालच्या सगळ्या शाळा मिळून एक डिस्ट्रिक्ट) २०१६ साली शाळेत गोळीबार होऊन मुलं जखमी झाली. २०१८ मध्ये त्यांच्या बोर्डाने कर्मचाऱ्यांना शस्त्र बाळगायची परवानगी दिली, तेव्हा काही पालक कोर्टात गेले. २०२१ मध्ये ओहायोच्या सुप्रीम कोर्टाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. शाळेत शस्त्र घेऊन वावरायचं तर पोलिसाचं प्रशिक्षण हवं, म्हणजे ७०० तासांच्या वर. पुढच्या मे महिन्यात टेक्सासमधल्या उवाल्डेच्या शाळेत गोळीबार झाला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत गव्हर्नर डीवाइन यांनी नव्या कायद्यावर सही केली. आता राज्य जास्तीत जास्त २४ तासांच्या प्रशिक्षणाची अट घालू शकतं, आणि मग दरवर्षी ८ तासांची उजळणी. डिस्ट्रिक्टला वाटलं तर ते जास्त मागू शकतात.

योगायोग म्हणजे मुलाला लवकरच ड्रायव्हिंगचा क्लास लावायचाय. अठराच्या आतल्या मुलांना इथे २४ तास थिअरी आणि ८ तास शिक्षकाशेजारी बसून गाडी. हेच आकडे! फक्त गाडीसाठी त्यावर आईबापांसोबत आणखी ५० तास चालवल्याचं लिहून द्यावं लागतं.

परवा लेकीला बूट घ्यायला गेलो. टाचेत दिवे लागणारे बूट तिने हातात घेतले, पायात घालून दोन पावलं टाकली आणि परत खोक्यात ठेवले. म्हणाली, लॉकडाऊन ड्रिलमध्ये लाइट बंद करतात ना, मग हे चमकतात. (लॉकडाऊन ड्रिल म्हणजे शाळेत बंदूकधारी शिरला तर वर्गात लपून बसायचा सराव.) मी तिच्याकडे बघतच राहिले.

"बंदुका वाईट" एवढंच सांगायचं तर माझी गरज नाही, तसं बोलणारे वीसजण असतील. मला असं काही विचारायचंय ज्याला बोर्डाला उत्तर द्यावं लागेल.

कडू_कारलं
सोपं उत्तर: परत या. आमच्याकडे शाळेत फार तर वर्गाचं छप्पर गळतं.

वैशाखवणवा
कारलेबुवा, प्रत्येक धाग्यावर हेच? त्यांनी तिकिटाचा भाव विचारलेला नाही.

टेक्सासची_सून
निळीशाई ताई, मी उलट्या बाजूने लिहिणार आहे. जोडे हाणू नका.

मी टेक्सासमध्ये एका लहानशा गावातल्या शाळेत सायन्स शिकवते. आमच्याकडे 'गार्डियन' आहेत, म्हणजे शस्त्र बाळगणारे कर्मचारी. ते कोण, हे मला माहीत नाही आणि मी ओळखायचा प्रयत्नही करत नाही. ही पद्धत आमच्या राज्यात हॅरॉल्ड नावाच्या चिमुकल्या गावाने २००७ मध्ये सुरू केली. कारण अगदी साधं होतं: शेरीफची गाडी यायला लागणारा वेळ. आमच्या इथूनही ९११ ला फोन केला तर पहिली गाडी वीस मिनिटांनी दिसते. बहुतेक हल्ल्यांत जे काही व्हायचं ते तोवर होऊन जातं. कोलंबसच्या उपनगरात बसून "पोलीस आहेत की" म्हणणं सोपं आहे, राग मानू नका.

शिवाय असं कधी घडलंच नाही असंही नाही. १९९७ मध्ये मिसिसिपीतल्या पर्ल गावच्या शाळेत उपमुख्याध्यापक जोएल मायरिक यांनी आपल्या ट्रकमधून पिस्तूल आणलं आणि गाडीतून पळून निघालेल्या हल्लेखोराला अडवून धरलं.

मला स्वतःला विचारलं होतं. मी नाही म्हटलं. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

विदा_दाखवा
पर्लचं उदाहरण नेहमी येतं म्हणून दोन गोष्टी. मायरिक आर्मी रिझर्व्हमध्ये होते, म्हणजे २४ तासांच्या कोर्सवाले नव्हेत. आणि ते पिस्तूल घेऊन पोचेपर्यंत शाळेतल्या दोन मुलींचा जीव गेलेला होता. त्यांचं शौर्य कमी होत नाही, पण ते "थांबवलं" नव्हे, "पकडलं" आहे.

ओहायोचंच उदाहरण हवं असेल तर चार्डन, फेब्रुवारी २०१२. तिथे तीन मुलं गेली. हल्लेखोराला शाळेबाहेर पिटाळलं ते फ्रँक हॉल या फुटबॉल कोचने, रिकाम्या हाताने त्याच्या अंगावर धावून जाऊन.

आता थोडा विदा, म्हणजे आकडेवारी. रँड या अमेरिकन संशोधन संस्थेने २०२३ मध्ये शिक्षकांनाच विचारलं: शिक्षकांकडे शस्त्र आलं तर शाळा सुरक्षित होईल का? ५४ टक्के म्हणाले उलट धोका वाढेल, २० टक्के म्हणाले सुरक्षित होईल, बाकीच्यांच्या मते काही फरक पडणार नाही. पण त्याच पाहणीत साधारण पाचातला एक शिक्षक म्हणाला, परवानगी मिळाली तर मी बाळगेन. म्हणजे "शिक्षकांनाच नकोय" असं ठोकून सांगू नका, कोणीतरी उभं राहून खोडून काढेल.

नेमबाजीचं म्हणाल तर याच रँडने न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ च्या नोंदी तपासल्या होत्या. समोरूनही गोळ्या येत असताना पोलिसांचे नेम लागण्याचं प्रमाण सरासरी १८ टक्के. हे रोजचे पोलीस. उरलेल्या ८२ टक्के गोळ्या कुठेतरी जातातच, आणि शाळेत "कुठेतरी" म्हणजे काय ते सांगायला नको.

टेक्सासची_सून
मान्य. पण मग निःशस्त्र राहून तरी काय मिळालं? उवाल्डेला ३७६ वर्दीवाले जमले होते आणि ७७ मिनिटं वर्गाबाहेर उभे होते. आत १९ लेकरं आणि दोन शिक्षिका. माझ्या स्टाफरूममध्ये त्या दिवसानंतर किती जणांचं मत फिरलं ते मी पाहिलंय. "आपल्याला वाचवायला कोणी येणार नाही" हे एकदा मनात बसलं की टक्केवारी ऐकू येत नाही.

वैशाखवणवा
मला तर उवाल्डेवरून उलटंच वाटतं. ३७६ प्रशिक्षित माणसं, चिलखतं, रायफली, आणि तरी पाय पुढे पडला नाही. फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत २०१८ मध्ये गोळीबार झाला, तिथेही शस्त्रधारी डेप्युटी (शेरीफचा पोलीस) नेमलेला होता, तो बाहेरच थांबला. (त्याच्यावर खटला झाला, २०२३ मध्ये निर्दोष सुटला.) ज्यांचा तो पेशा आहे त्यांचं हे, तर भूगोलाच्या बाईंकडून काय अपेक्षा?

माजी_हवालदार
सातारा जिल्हा. इन्फंट्रीत बावीस वर्षं. अमेरिकेतलं मला काही कळत नाही, हत्याराचं कळतं तेवढं लिहितो.

लोकांना वाटतं हत्यार चालवणं अवघड. चालवणं महिन्याभरात येतं. हत्यार सांभाळणं अवघड. आमच्याकडे ड्युटी संपली की हत्यार कोतमध्ये (शस्त्रागारात) जमा, रजिस्टरवर नंबर, सही, कुलूप. रेंजवरून परत निघताना प्रत्येक जवान उस्तादांसमोर छाती पुढे काढून सांगतो की माझ्यापाशी जिंदा राउंड किंवा खाली खोका (झाडलेल्या गोळीचं रिकामं टरफल) नाही. एक खोका कमी भरला तर अख्खी कंपनी अंधार पडेपर्यंत गवतात शोधत बसते. मी स्वतः बसलोय. आणि हे कुठे, तर जिथे सगळेच जवान आहेत, लहान मूल औषधालाही नाही.

ताई, तुम्ही बोर्डाला एवढंच विचारा: ज्या दिवशी काहीच घडणार नाही, त्या दिवशी हत्यार कुठे असेल? कमरेला असेल तर गुरुजी वाकून मुलाची वही बघताना काय? टेबलाच्या खणात असेल तर गुरुजी लघवीला गेल्यावर काय? तिजोरीत असेल तर वेळेला उघडणार कोण, आणि मग ठेवलंच कशाला?

आणि एक. मी ज्याच्यावर नेम धरला त्याचं नाव मला माहीत नव्हतं. तिथला हल्लेखोर बहुतेकदा त्याच शाळेचा पोरगा असतो म्हणतात. मास्तराला त्याचा हजेरी नंबर पाठ असणार. मास्तराचा हात थबकणार, आणि थबकलाच पाहिजे, नाहीतर तो मास्तर कसला.

निळीशाई
काका, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून घेतला. आमच्याकडे शाळेचे साधारण १८० दिवस असतात. मी इतके दिवस त्या एका दिवसाचाच विचार करत होते, तुम्ही बाकीच्या १७९ दिवसांकडे बघायला लावलंत.

झेडपी_गुरुजी
हवालदारसाहेबांना कडक सलाम.

आमच्या शाळेत एक लोखंडी कपाट आहे. त्यात परीक्षेचे पेपर असतात, म्हणून कुलूप. किल्ली मुख्याध्यापकांकडे असते असा कागदोपत्री उल्लेख आहे. प्रत्यक्षात ती खिडकीच्या चौकटीवर असते आणि हे पाचवीच्या पुढच्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. शाळा म्हणजे अशी जागा जिथे शंभर जोडी डोळे दिवसभर मास्तरकडे बघत असतात. मास्तरच्या खिशात काय आहे, कोणत्या खिशात आहे आणि मास्तर कधी बेसावध असतो, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. टेक्सासच्या ताई म्हणतात की गार्डियन कोण ते त्यांना माहीत नाही. ताई, तुमच्या पोरांना विचारून बघा!

(अवांतर: आमच्याकडे खिचडी, मतदार यादी, जनगणना, ऑनलाइन माहिती हे सगळं मास्तरकडे असतंच. पिस्तूल आलं तर त्याचाही मासिक अहवाल पाच तारखेपर्यंत भरावा लागेल आणि सर्व्हर डाऊन असेल.)

गंमत सोडा. २०२३ च्या जानेवारीत व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूजमध्ये एका सहा वर्षांच्या मुलाने वर्गात आपल्या बाईंवर गोळी झाडली होती. घरातून, आईचं पिस्तूल. हाताला आणि छातीला गोळी लागलेली असताना त्या बाईंनी बाकीची मुलं आधी बाहेर काढली. आता समजा त्यांच्या कमरेला पिस्तूल असतं. पहिलीतल्या पोरावर रोखलं असतं? मी चोवीस वर्षं पहिली-दुसरी शिकवतोय. या प्रश्नापुढे माझी मती चालत नाही.

टेक्सासची_सून
गुरुजी, विचारलं. आज दुपारी, आठवीच्या वर्गात, सहज गप्पांत. तीन नावं पटापट आली. दोन खरी असावीत असं माझं मन म्हणतंय. घशाला कोरड पडली.

विदा_दाखवा
हवालदारकाकांच्या "काहीच घडणार नाही त्या दिवसा"ची उदाहरणं आहेत. २०१४ मध्ये युटातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिकेच्या पिस्तुलातून स्टाफच्या स्वच्छतागृहात गोळी सुटली, कमोड फुटला आणि त्यांच्या पायाला इजा झाली. मार्च २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सीसाइडमध्ये तर बंदुकीची सुरक्षितता शिकवतानाच शिक्षकाकडून छताकडे गोळी सुटली, मुलांना किरकोळ जखमा झाल्या. ते गृहस्थ राखीव पोलीसही होते. दोन्ही वेळा नशीब.

पिंपळपार
कोणी पाकिस्तानचा उल्लेख केला नाही म्हणून. डिसेंबर २०१४ मध्ये पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलवर तालिबानचा हल्ला झाला, १४० हून जास्त बळी, बहुतेक मुलं. महिन्याभरातच तिथल्या खैबर पख्तुनख्वा सरकारने शिक्षकांना शस्त्र बाळगायची मुभा दिली, शिक्षिकांना पोलिसांकडून नेमबाजी शिकवल्याचे फोटोही आले. पुढे जानेवारी २०१६ मध्ये चारसद्द्याच्या बाचा खान विद्यापीठावर हल्ला झाला तेव्हा रसायनशास्त्राचे प्राध्यापक सय्यद हमीद हुसेन यांनी खरंच आपल्या पिस्तुलाने हल्लेखोरांना काही काळ थोपवलं, विद्यार्थ्यांना पळायला सवड मिळाली. ते स्वतः वाचले नाहीत. आणि मधल्या काळात, २०१५ मध्ये, स्वातमध्ये एका शिक्षकाच्या पिस्तुलातून चुकून गोळी सुटून विद्यार्थी गेला.

एकाच धोरणाच्या या दोन गोष्टी. मला यातून निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून नुसत्या ठेवतो. एवढं मात्र खरं, की तिथे हल्ला बाहेरून येत होता, टोळ्या येत होत्या. अमेरिकेत दार उघडून आत येतो तो बहुधा त्याच शाळेचा आजी-माजी विद्यार्थी.

कडू_कारलं
पाकिस्तान आलं, आता हा धागा शंभरी गाठणार. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जर्सीतला_पुणेकर
माझा मुलगा सोळा वर्षांचा, सहा फूट उंच, सावळा, बारा महिने हूडी. दाढी फुटलीय. तो कॉरिडॉरमध्ये पळाला तर घाबरलेल्या माणसाला तो विद्यार्थी दिसेल की आणखी कोणी? इथल्या शाळांत काळ्या मुलांना शिक्षा जास्त होतात हे सरकारी आकडेवारीतच आहे. चोवीस तासांच्या कोर्समध्ये ते उतरणार आहे का? या मुद्द्यावर बोलायला आपली मंडळी कचरतात, "आपल्याला कोण काय करतंय" म्हणतात. मी बोललो असतो.

अजून एक, पोलीस आत शिरल्यावर समोर पिस्तूल घेतलेला, साध्या कपड्यातला माणूस दिसला तर त्यांनी काय समजायचं?

डेमॉइनचा_हिशेबनीस
मी विमा कंपनीत आहे, म्हणून आमच्या धंद्याची बाजू. २०१३ मध्ये कॅन्ससने कर्मचाऱ्यांना शाळेत शस्त्र बाळगायची मुभा दिली, तेव्हा तिथल्या बहुतेक डिस्ट्रिक्टचा विमा उतरवणाऱ्या कंपनीने सांगितलं की शस्त्रधारी कर्मचारी असलेल्या शाळेचा विमा आम्ही उतरवणार नाही. आमच्या आयोवातही २०२३ मध्ये दोन डिस्ट्रिक्टनी असा ठराव केला आणि विमा जाईल या भीतीने मागे घेतला. विमावाले ना डावे ना उजवे. त्यांना फक्त पैसे कुठे जातात ते कळतं.

ताई, बोर्डाला भावनेचे प्रश्न पेलता येतात, सवय असते. "आपल्या विमा कंपनीचं लेखी म्हणणं काय आहे?" हा प्रश्न विचारा आणि खजिनदाराचा चेहरा बघा.

विदा_दाखवा
शेवटचं, मग मी गप्प. सीक्रेट सर्व्हिस आणि शिक्षण खात्याने २००२ मध्ये ३७ शालेय हल्ल्यांचा अभ्यास केला होता. दोन-तृतीयांशांहून जास्त हल्लेखोरांनी बंदूक स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या घरातून आणलेली होती. आणि बहुतेक घटनांमध्ये कोणाला तरी, बहुधा एखाद्या मित्राला, आधी कुणकुण होती. मिशिगनमधल्या ऑक्सफर्डच्या शाळेतल्या गोळीबाराच्या प्रकरणात २०२४ मध्ये हल्लेखोर मुलाच्या आईबापांनाच सदोष मनुष्यवधासाठी तुरुंगात धाडलं ते याच कारणाने. शाळेच्या दारावर काय करायचं यावर आपण शंभर प्रतिसाद लिहू, पण बंदूक निघते ती कोणाच्या तरी बेडरूममधून.

निळीशाई
मंडळी, जाऊन आले. उशीर झालाय पण लिहूनच झोपते.

चौतीस जण बोलले. माझा नंबर एकोणिसावा. मी तीन प्रश्न विचारले: काही न घडणाऱ्या दिवशी पिस्तूल कुठे असेल आणि बदली शिक्षक आला तर त्या कुलपाचं काय, आत शिरणाऱ्या पोलिसाने साध्या कपड्यातल्या माणसाला कसं ओळखायचं, आणि विमा कंपनीचं लेखी म्हणणं काय. हिशेबनीस, तुम्ही म्हणालात तसं झालं. खजिनदारीणबाईंनी आधी शेजारच्यांकडे पाहिलं आणि मग आपल्या कागदांकडे. उत्तर आलं, की धोरण अजून मसुद्याच्या अवस्थेत आहे. ड्रायव्हिंगच्या तासांची तुलना सांगितली तेव्हा मात्र मागच्या रांगांतून हसू आलं, मला ते नको होतं. जर्सीच्या दादांचा मुद्दा मांडायचा राहिला. वेळ संपली म्हणून नाही. समोर बघितलं आणि धीर झाला नाही. खोटं कशाला बोलू.

मतदान पुढच्या महिन्यावर गेलंय.

खरं सांगायचंय ते पार्किंगमधलं. माझ्या आधी एक गृहस्थ जोरदार बाजूने बोलले होते, शिकारीची टोपी वगैरे. ते गाडीपाशी आले. मला वाटलं आता वाद घालणार. म्हणाले, तुमचा पहिला प्रश्न बरोबर होता, मीही तोच विचारायला हवा होता. त्यांच्या घरी अकरा बंदुका आहेत, सगळ्या तिजोरीत, गोळ्या वेगळ्या कुलपात. मग त्यांनी मला विचारलं, तुमची मुलं ज्या घरांत खेळायला जातात तिथे कुलूप असतं का, हे तुम्ही विचारता का?

अकरा वर्षं झाली मला इथे. एकदाही विचारलेलं नाही. काय खाता, मांजर आहे का, वायफाय पासवर्ड काय, सगळं विचारलंय.

शनिवारी लेकीचा एका मैत्रिणीकडे स्लीपओव्हर (रात्रीचा मुक्काम) आहे. त्या मैत्रिणीच्या आईला मी दोनदाच भेटलेय. कसं विचारतात हे? इथे कोणी विचारलंय का?

टेक्सासची_सून
मी विचारते. वेगळा फोन करायचा नाही, मग ते चौकशीसारखं वाटतं. निघायच्या आदल्या दिवशी मेसेज करायचा. "शेंगदाण्याची अॅलर्जी आहे, रात्री नऊला झोपते, कुत्र्याला थोडी घाबरते. आणि घरात बंदूक असेल तर कुलपात असते ना? मी सगळ्यांनाच विचारते." शेवटचं वाक्य विसरायचं नाही. आमच्या गावात आजवर एकजणही रागावलं नाही. एकीने मात्र "थांब हं, बघून सांगते" असं उत्तर पाठवलं होतं.